रक्तदाबाबरोबर मनही उतरले का? रेसर्पिनचे प्रकरण

१९५४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरांचा एक छोटा लेख आला. रेसर्पिन हे औषध मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना येणारे नैराश्य हा त्याचा विषय होता. मनाची तक्रार घेऊन यातले कोणी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. रक्तदाब वाढला म्हणून गोळी सुरू झाली होती आणि गोळीने दाब उतरतही होता.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतून असे आणखी अहवाल आले. चित्र साधारण सारखेच होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रुग्णाची पहाटेची झोप मोडू लागे, अन्नावरची वासना उडे, कामात लक्ष लागेना, कशातच राम वाटेना. काहींच्या तोंडी मरणाची भाषा येई. काहींना मनोरुग्णालयात ठेवून विजेचे उपचार द्यावे लागले. गोळी बंद केल्यावर बरेच जण हळूहळू सावरत, पण सगळेच नाही.

मेंदूतील रसायने आणि माणसाच्या भावना यांच्याबद्दल गेल्या सत्तर वर्षांत जे बोलले गेले, त्यातला मोठा भाग या निरीक्षणावर उभा आहे. औषधाने मेंदूतली काही रसायने रिती होतात आणि त्याच औषधाने माणूस खिन्न होतो. म्हणजे खिन्नता हीच त्या रसायनांची कमतरता, असा तर्क निघाला. तर्क सोपा होता आणि म्हणून तो फार लांब पोचला. या प्रकरणाचे कागद नीट मांडले तर दिसते, की औषधाने रसायनांचे काय होते हे शास्त्रज्ञांनी अचूक शोधले, पण रुग्णाला नेमके काय वाटत होते ही बाजू घाईने लिहिली गेली.

परळ ते बाझल

औषधाचा उगम आपल्याकडचाच. सर्पगंधेची मुळी भारतात कित्येक शतके सर्पदंशावर, झोपेसाठी आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी दिली जात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच दोन आजारांची नावे घातली: वेड आणि उच्च रक्तदाब. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीतली औषधी गुणाची रसायने, वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन हे नाव दिले.

जगाने मात्र दखल घेतली ती मुंबईच्या एका लेखाची. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या काळात रक्तदाबावर हाताशी काय होते हे आठवून पाहावे. मिठाशिवायचा भात खाऊन राहायचे, नाहीतर पाठीच्या कण्यालगतच्या चेता कापून घ्यायच्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत चालला होता आणि डॉक्टरांना ते माहीत होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्याजोगी धड गोळीसुद्धा नव्हती. अशा वेळी मुंबईहून एका झाडाच्या मुळीचा दाखला आला.

बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा आपल्या रुग्णांना दिली. दाब उतरतो हे त्यांनाही दिसलेच, पण रुग्ण निवांत होतात, त्यांची काळजी कमी होते, हेही त्यांनी नोंदवले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतला मुख्य कार्यकारी घटक वेगळा काढला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात रेसर्पिनचे वर्णन आहे 'सर्पगंधेतील शामक घटक' असे. रक्तदाबाचे नाव तिथे नाही. म्हणजे हे औषध मनाला हात लावते हे पहिल्या दिवसापासून उघड होते. तो हात कधी जड होतो, एवढेच ठाऊक नव्हते.

१९५७ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मोठा सन्मान, डॉ. वकील यांना मिळाला. रक्तदाबातील कामासाठी वकील आणि मानसिक आजारात रेसर्पिन वापरल्याबद्दल न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन, ही दोन्ही नावे त्या वर्षीच्या मानकऱ्यांत आहेत. डॉ. वकील यांचे काम महाराष्ट्रात आज फार थोड्यांना माहीत आहे, याचे मला वाईट वाटते. आधुनिक मेंदूविज्ञानाच्या एका मोठ्या धाग्याचे टोक परळला आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ असायला काहीच हरकत नव्हती.

एकच गोळी, तीन जागा, तीन निकाल

१९५४ आणि १९५५ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की हे प्रकरण पेच घालते.

पहिली जागा न्यूयॉर्क राज्यातले रॉकलंड स्टेट हॉस्पिटल. इथे क्लाइन यांनी तीव्र मनोविकार असलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिले. आरडाओरडा आणि मारामारी कमी झाली. रुग्णालयात काचा बसवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आले, की अलीकडे खिडक्या कमी फुटतात, अशी एक हकिकत त्या काळाविषयी सांगितली जाते. इथे मात्रा मोठी होती आणि रुग्ण अतिशय प्रक्षुब्ध.

दुसरी जागा फ्राइस यांच्यासारख्या डॉक्टरांचे रक्तदाबाचे बाह्यरुग्ण विभाग. नोकरीधंदा करणारी, घर चालवणारी माणसे. त्यांतली काही याच औषधाने खचली.

तिसरी जागा लंडनचे मॉडस्ली रुग्णालय. इथे डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंता आणि नैराश्य दोन्ही असलेल्या बाह्यरुग्णांवर एक नेटकी चाचणी केली. कोणाला रेसर्पिन आणि कोणाला निष्क्रिय गोळी द्यायची हे नशिबावर सोडले. मानसोपचारातल्या अशा पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत ती मोडते. १९५५ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: रेसर्पिन घेणाऱ्यांना निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक बरे वाटले.

आता काय म्हणायचे? एकाच रेणूने वेड्यापिशा झालेल्या माणसाला शांत केले, धडधाकट माणसाला खिन्न केले आणि खिन्न माणसाला उभारी दिली. या तिन्हींतला पुरावा म्हणून सर्वांत भक्कम तिसरा, कारण तुलनागट तिथेच नीट होता. विस्मरणात मात्र तोच गेला. खिन्न झालेल्या रुग्णांच्या गोष्टी पाठ्यपुस्तकांत शिरल्या आणि मॉडस्लीची चाचणी तळटिपेतही क्वचित दिसू लागली. याचे कारण त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सापडले होते.

कोठाराचे दार

बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत एक नवे यंत्र होते. ऊतीतल्या अत्यल्प रसायनांची चमक मोजून त्यांचे प्रमाण त्यावर सांगता येई. मेंदूत सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश नेणारे एक रसायन, असते हे नुकतेच, १९५३ साली, बेटी ट्वारोग आणि अर्विन पेज यांनी दाखवले होते. १९५५ साली ब्रोडी, आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर यांनी सशांना रेसर्पिन टोचून त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन मोजले. ते जवळजवळ नाहीसे झाले होते. मनाला शांत करणारे औषध आणि मेंदूतल्या एका रसायनाची मोजता येणारी घट यांची गाठ प्रयोगशाळेत पहिल्यांदाच इतकी स्वच्छ पडली. पुढच्या वर्षी होल्झबाउअर आणि मार्थे फोख्ट यांनी दाखवले की नॉरअ‍ॅड्रेनालिन हे दुसरे संदेशवाहक रसायनही रिते होते.

हे कसे घडते ते आता नीट समजले आहे. चेतापेशीच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन पेशीत तयार झाले की पिशवीच्या आवरणातला एक प्रथिन-पंप त्यांना आत ओढून घेतो. संदेश द्यायची वेळ आली की पिशवी पेशीच्या कडेला जाऊन उघडते आणि माल बाहेर पडतो. रेसर्पिन या पंपालाच चिकटते आणि सहजी सुटत नाही. धान्य कोठारात न जाता अंगणातच पडून राहावे आणि पाखरांनी ते टिपून न्यावे, तसे मग होते. पाखरांचे काम इथे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. औषध रक्तातून निघून गेले तरी परिणाम रेंगाळतो, कारण पेशीला नव्या पिशव्या घडवून टोकापर्यंत पोचवाव्या लागतात. रक्तदाब उतरतो तोही याच वाटेने: रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम नेणाऱ्या चेतांकडे देण्याजोगे नॉरअ‍ॅड्रेनालिन उरत नाही.

आणखी एक दुवा क्षयरोगाकडून आला. इप्रोनायझिड हे क्षयावरचे औषध १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात दिले जात होते आणि ते घेणारे काही रुग्ण कमालीचे उत्साही झाले होते. हे औषध वर सांगितलेल्या विकराला अडवते. प्राण्यांना आधी इप्रोनायझिड आणि मग रेसर्पिन दिले, तर ते सुस्त पडण्याऐवजी चळवळे होत. पाखरे हाकलली की अंगणातले धान्य शाबूत राहते, हे यातून दिसले. एक औषध रसायने घटवते आणि माणूस खचतो, दुसरे ती टिकवते आणि माणूस उमलतो. इतकी जुळणारी जोडी समोर असताना लंडनची आडवी जाणारी चाचणी कोण लक्षात ठेवणार?

सशांचे पडलेले कान

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग स्वीडनचा आहे. ब्रोडींकडे काही महिने राहून आलेले आर्विड कार्लसन यांनी लुंड विद्यापीठात एक साधा प्रश्न धरला: रिते झालेले रसायन परत भरले तर काय होईल? ही रसायने रक्तातून मेंदूत शिरत नाहीत, म्हणून त्यांचा कच्चा माल द्यायचा. १९५७ साली कार्लसन, मार्गित लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी रेसर्पिन दिलेल्या सशांवर तो प्रयोग केला. ससे निपचित पडलेले, कान लोंबलेले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन ते उठले नाहीत. नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन यांचा कच्चा माल असलेले डोपा टोचले तेव्हा पंधराएक मिनिटांत कान ताठ झाले आणि ससे हिंडू लागले.

डोपापासून नॉरअ‍ॅड्रेनालिन बनत असेल, असे आधी वाटले होते. मोजल्यावर मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढलेले दिसेना. वाढले होते डोपामिन, ज्याला तोवर केवळ वाटेतला टप्पा समजले जाई. डोपामिन हा स्वतःच मेंदूतला संदेशवाहक आहे असे कार्लसन म्हणू लागले. १९६० च्या लंडनच्या परिषदेत हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांना ते पटले नव्हते. पण मेंदूच्या तळाशी हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामिन एकवटलेले आहे हे लुंडच्याच बर्टलर आणि रोसेनग्रेन यांनी दाखवले. मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या माणसांचे हात थरथरतात, अंग ताठरते, चाल आखडते, हे डॉक्टर पाहतच होते. ते हुबेहूब पार्किन्सनसारखे होते. व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी १९६० साली पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर नेमक्या त्याच भागात डोपामिनचा दुष्काळ. पुढल्याच वर्षी बिर्कमायर आणि होर्निकिएविच यांनी रुग्णांना डोपा टोचले आणि खिळलेली माणसे थोडा वेळ का होईना चालू लागली. २००० सालच्या नोबेल पुरस्कारात कार्लसन यांचा वाटा आला तो या शोधासाठी. परळहून निघालेला धागा इथपर्यंत येतो.

पण सशाने आपल्याला नेमके काय सांगितले? तो हलत नव्हता आणि मग हलू लागला, एवढेच. तो दुःखी होता का, असे कोणी विचारले नव्हते आणि विचारता येणारही नव्हते. तरीही पुढची कित्येक वर्षे रेसर्पिन देऊन सुस्त केलेला प्राणी औषध कंपन्यांत 'नैराश्याचा नमुना' म्हणून वापरला गेला. जे नवे औषध त्याच्या मिटल्या पापण्या उघडील, त्याचे घसरलेले तापमान वर आणील, ते नैराश्यावर चालेल असा अंदाज बांधत. या चाळणीतून सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनवर चालणारीच औषधे खाली येणार हे ठरलेले होते. मग तीच औषधे बाजारात दिसतात म्हणून नैराश्य याच रसायनांचे, असे म्हणणे म्हणजे गोल फिरून मूळ जागी येणे. मियान्सेरिनसारखे नैराश्यावरचे औषध या चाळणीत अडकले असते, तरी रुग्णांना ते उपयोगी पडले.

त्याच काळातला दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. इशाऱ्याचा आवाज झाला की थोड्या वेळाने विजेचा झटका बसतो, तेव्हा आवाज ऐकताच जागा बदलायची, असे प्राण्यांना शिकवलेले असते. रेसर्पिन दिल्यावर ते आवाज ऐकून हलत नाहीत, प्रत्यक्ष झटका बसला की मात्र निसटतात. १९६३ साली सायडेन आणि कार्लसन यांनी दाखवले, की डोपा दिल्यावर इशाऱ्याला प्रतिसाद देण्याची क्षमता काही काळ, काही अंशी परत येते. धोका समजत असताना त्यासाठी आपण होऊन उठण्याची प्रेरणा ओसरते, असे मी याचे वाचन करतो. माणसाच्या भाषेत सांगायचे तर पत्र आलेले दिसते, उत्तर द्यायला हवे हेही कळते, पण हात पुढे होत नाही. बाहेरून पाहणारा याला उदासी म्हणेल. आतून ते दुःख असेलच असे नाही.

रुग्णांचे कागद पुन्हा उघडले तेव्हा

१९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी भावनिक आजारांविषयीची सुप्रसिद्ध मांडणी केली: नैराश्यात नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखी रसायने मोक्याच्या जागी कमी पडतात आणि उन्मादात जास्त होतात. त्यांच्या पुराव्यांत रेसर्पिन अग्रभागी होते. हे फार गुंतागुंतीच्या अवस्थेचे अतिसुलभीकरण आहे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. ती सावधगिरी त्यांच्या वाचकांनी पाळली नाही.

१९७१ मध्ये गुडविन आणि बनी यांनी रेसर्पिनचे जुने अहवाल पुन्हा तपासले. खिन्न म्हणून नोंदलेल्यांतले बरेच जण मुख्यतः सुस्त आणि मंदावलेले होते. खऱ्या अर्थाने गंभीर नैराश्य आले ते थोड्यांना, आणि त्यांच्यात पूर्वी कधी तरी नैराश्य येऊन गेलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. १९९८ मध्ये डेव्हिड हीली आणि सॅव्हेज यांनी तिसरी शक्यता पुढे केली: यातले काही जण अकाथिझियाने पछाडलेले असावेत. अकाथिझिया म्हणजे आतून उठणारी असह्य चुळबुळ. माणूस एका जागी बसू शकत नाही, उभा राहू शकत नाही आणि कातडीतून बाहेर पडावेसे वाटते. अशा अवस्थेत आत्महत्येचे विचार येतात, पण तिची घडण नैराश्याहून वेगळी. २००३ साली बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तर 'रेसर्पिनमुळे नैराश्य येते' ही समजूतच पुराव्यावर टिकत नाही, असे म्हटले.

हे शेवटचे विधान मला अर्धेच पटते. सरासरीच्या हिशेबात रेसर्पिनने नैराश्य वाढलेले दिसत नाही हे खरे असेल. म्हणून फ्राइस यांच्या टेबलासमोर बसलेला माणूस खोटा ठरत नाही. औषधाने काहींना केवळ गुंगी आली, काहींचा भावनांचा आवाज दबला, काही चुळबुळीने हैराण झाले आणि आधीच जखम असलेल्या थोड्या लोकांना खरोखरचे नैराश्य आले, असे मला हे सारे कागद वाचून वाटते. या चारही अवस्थांत आतून वाटणारी गोष्ट निरनिराळी आहे. चारी एका खणात टाकल्यावर 'रसायन कमी, म्हणून दुःख' हे समीकरण बसले. मॉडस्लीचा निकालही मग कोड्यासारखा राहत नाही. तिथल्या रुग्णांना चिंतेने पोखरले होते. भावनांचा आवाज दबणे हाच त्यांच्यासाठी आराम होता. ज्याच्या मनात असा कोलाहल नव्हता, त्याच्या वाट्याला त्याच दाबाने मुकेपणा आला.

मात्रेचा मुद्दा तर अगदी रोकडा आहे. सुरुवातीच्या काळात रक्तदाबासाठी दिवसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त रेसर्पिन सर्रास दिले जाई. पुढे लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या जोडीने ०.१ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरते असे ध्यानात आले. आणि ते वापरून दाखवणाऱ्यांत अग्रणी कोण, तर हेच एडवर्ड फ्राइस. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन आणि हायड्रॅलझिन अशी तीन औषधे एकत्र दिली होती. १९६७ साली निकाल आला. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या, औषध घेणाऱ्या ७३ जणांत फक्त २. रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतो हे या चाचणीने निर्विवाद सिद्ध केले. ज्या डॉक्टरने या औषधाने होणारी इजा आधी जगासमोर मांडली, त्यानेच मात्रा ओळखून त्याचा उपयोग सिद्ध केला. इजा दिसली म्हणून औषध टाकून द्यायचे नाही, आणि औषध उपयोगी म्हणून रुग्णाची तक्रार झाकायची नाही, हा तोल त्यांना साधला. मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आदर त्यांच्याबद्दल वाटतो.

रिते केले म्हणजे उदास होतेच असे नाही

समीकरणाची थेट परीक्षा पुढे माणसांवरच झाली. ट्रिप्टोफॅन हा सेरोटोनिनचा कच्चा माल. तो वगळलेले खास पेय देऊन काही तासांत शरीरातले ट्रिप्टोफॅन खाली आणता येते. निरोगी, पूर्वी नैराश्य न आलेल्या माणसांची मनःस्थिती त्याने सहसा ढळत नाही. सेरोटोनिनवर चालणाऱ्या औषधाने नुकत्याच सावरलेल्या रुग्णांत मात्र काही तासांतच जुनी लक्षणे परतू शकतात, हे डेलगाडो यांनी १९९० मध्ये दाखवले. म्हणजे तेच रसायन, तेवढीच घट आणि परिणाम माणसाच्या मागच्या इतिहासाप्रमाणे वेगळा. रेसर्पिनच्या कागदांत जे दडले होते तेच हे.

२०२२ साली जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्याने, नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला सुसंगत पुरावा नाही, असे मांडले तेव्हा समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. मग गोळ्या कशाला, असे अनेकांनी विचारले. हा प्रश्न वेगळा आहे. २०१८ मध्ये चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा आढावा घेतला, त्यात तपासलेली नैराश्यावरची सगळी २१ औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, काही थोडीशी, काही जास्त. औषध उपयोगी पडते, म्हणजे त्याने जे वाढते त्याचीच आधी वानवा होती, असे होत नाही. तापावर पॅरासिटामॉल चालते म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडले होते असे आपण म्हणत नाही. घेत असलेली गोळी असले वाचून कोणी परस्पर बंद केली असेल, तर आजच डॉक्टरांशी बोलावे, ही माझी कळकळीची विनंती.

तोच पंप, आजचे रुग्ण

रेसर्पिन मागे पडले, पण त्याच पंपावर बोट ठेवणारी औषधे आजही आहेत. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात अंगाला जे अनावर झटके येतात ते कमी करण्यासाठी टेट्राबेनाझिन देतात. त्याचा परिणाम रेसर्पिनपेक्षा लवकर ओसरतो. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळताना त्याच्या वेष्टनावर नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले. हंटिंग्टनच्या रुग्णांत नैराश्य मुळातच जास्त असते, म्हणून हा इशारा तिथे विशेष गंभीर ठरतो. घरात असा रुग्ण असेल तर हालचाल किती सुधारली याबरोबर बोलणे कमी झाले का, जेवताना मन आहे का, येरझाऱ्या वाढल्या का, हे घरच्यांनी पाहायचे आणि पुढच्या भेटीत आपण होऊन सांगायचे. रुग्ण स्वतः बहुधा सांगत नाही. 'बरं आहे' एवढेच म्हणतो.

आपल्याकडे सर्पगंधा घनवटीच्या रूपात मूळ औषधही वापरात आहे. झोप लागत नाही, दाब आहे, म्हणून कोणी तरी सुचवते आणि गोळी सुरू होते. वनस्पतीची आहे म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालायची गरज वाटत नाही. तिच्यात रेसर्पिन आहे आणि ते वर सांगितलेले सगळे करते. रक्तदाबाच्या इतर गोळ्यांसोबत घेतली तर दाब फार खाली जाऊ शकतो, नाडी मंदावते, नाक चोंदते. मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणाऱ्या औषधांबरोबर ती घेऊ नये. आधी कधी नैराश्य येऊन गेले असेल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही ते आधीच सांगावे. गोळी सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांत पहाटे जाग येऊ लागली, रडू येऊ लागले किंवा बसवेना झाले, तर गोळीचे नाव घेऊन लगेच दाखवायला जावे. गोळी थांबवल्यावर दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून दोष तिचा नव्हताच, असा निष्कर्ष काढू नये. पिशव्या पुन्हा भरायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात, आणि तेवढ्या काळात घरातल्या कोणी तरी त्या माणसाजवळ असावे.